कोंबांची ओळख

हिल्केनं दोन दातेरी फावडी पाठीला पाठ लावून ठोंबात रोवली आणि दोन्ही दांडे सावकाश बाहेरच्या बाजूला ओढले. मुळं करकरली. ठोंब मधोमध उकलू लागला तसं भोवती उभ्या असलेल्या बारा जणांतलं कुणीतरी "वा!" म्हणालं.

"असं केलं की मुळं तुटत नाहीत," हिल्के म्हणाली. "एकमेकांतून सुटतात. घाई म्हणून करायची नाही."

"एवढ्यात माझे चार ठोंब फोडून झाले असते," मागून आवाज आला.

हिल्केला वळून बघायची गरज नव्हती. शेवटच्या रांगेत रेम्ट ओनकेन उभा होता. डोक्यावर लोकरी टोपी, हातात घरून आणलेलं स्वतःचं सपाट फावडं, धार लावलेलं.

"फावड्याचा एक घाव घालायचा, बस्स. झाड काय काचेचं असतं? असं नसतं, हिल्के."

लोक हसले. तिला सगळ्यात जास्त खुपायचं ते हे हसणं.

"असंच असतं, साहेब," ती म्हणाली. "तुमच्या घावानं मेलेले ठोंब अकरा वर्षं मीच उचलून टाकलेत."

लोक आणखी हसले. हॅनोवरहून आलेला एक टक्कल पडलेला गृहस्थ तर खिशातून हात काढून टाळ्या वाजवायला लागला. हिल्केनं फावडी उपटून काढली आणि दुसऱ्या ठोंबाकडे वळली. हे काय चाललंय? लोक इथे झाडं शिकायला येतात की म्हाताऱ्याची आणि आपली जुगलबंदी ऐकायला?

ही नर्सरी ओनकेननं चाळीस वर्षं चालवली होती. दरवर्षी हिवाळ्यात जमिनीत गडप होणारी आणि वसंतात पुन्हा डोकं वर काढणारी झाडं, तेवढीच. हिल्के त्याच्या हाताखाली अकरा वर्षं होती. आठ वर्षांपूर्वी त्यानं नर्सरी तिला रीतसर विकली आणि कालव्याच्या पलीकडे छोटं घर बांधलं. बांधलं तेही असं, की स्वयंपाकघराच्या खिडकीतून नर्सरीचा एकूण एक वाफा दिसावा. आणि तिनं शनिवारचे वर्ग सुरू केल्यापासून तो प्रत्येक वर्गाला हजर. फुकट नाही, इतरांसारखे पैसे भरून, पाकिटात घालून. पैसे भरून भांडायला येणाऱ्या माणसाला हाकलायचं कसं?

शरदात झाडं छाटू नका, वाळल्या दांड्यांत किडे हिवाळा काढतात, असं तिनं सांगितलं की हा म्हणणार, आळशी माळ्यांनी काढलेली टूम आहे ती. कुंड्यांत दलदलीची काळी माती घालणं तिनं बंद केलं, तर हा भर वर्गात विचारणार, मग आता काय, लाकडाचा भुसा? 'असं नसतं, हिल्के' म्हटल्याशिवाय एक शनिवार गेला नव्हता. आणि हिल्के ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. तीही तिथल्या तिथे उलट ठोकायची. आठ वर्षांत एकदाही तिनं त्याच्यापुढे मान तुकवली नव्हती.

पण गेल्या आठवड्यात कडेलोट झाला. वर्गाला आलेल्या कुणीतरी इंटरनेटवर लिहिलं होतं, 'म्हातारे गृहस्थ म्हणजे खरा खजिना. बाईही ठीक.'

"बाईही ठीक!" त्या रात्री जेवताना ती नवऱ्याला म्हणाली होती. "फोको, वसंताचे सहा आठवडे! वर्षाची सगळी कमाई या सहा आठवड्यांत. बर्फात, पावसात गुडघ्यावर बसून रोपं मी करते आणि मी ठीक!"

"मग सांग ना त्यांना, येऊ नका म्हणून," फोको म्हणाला होता. तो शांत माणूस. त्याला सगळंच सोपं वाटायचं.

आज ती सांगणारच होती. वाक्यही ठरलं होतं. सकाळी काचघरात पाणी घालताना तिनं ते रोपांपुढे तीनदा म्हणून पाहिलं होतं. 'साहेब, पुढच्या वेळेपासून वर्गाला येऊ नका.' कारण द्यायचं नाही. कारण दिलं की तो त्यावर वाद घालणार.

अकराला चहा झाला. फोकोनं शेडमध्ये लांब टेबल मांडलं होतं. कपात आधी खडीसाखरेचा खडा, त्यावर कडक चहा, मग खडा तडकल्याचा आवाज ऐकून कडेनं अलगद सोडलेली साय. ढवळायचं मात्र नाही, ही इकडची रीत. हॅनोवरच्या गृहस्थानं चमचा घेतला आणि सगळं ढवळून टाकलं. टेबलावरचे सगळे त्याच्या चमच्याकडे बघायला लागले.

"हॅनोवर?" ओनकेननं विचारलं.

"अं? हो. कसं ओळखलंत?"

"चमच्यावरून."

सगळे खो खो हसले, तो गृहस्थही. हिल्केलाही हसू फुटणार होतं, तिनं ते चहाबरोबर गिळलं. हेच तर दुखणं होतं. म्हातारा नुसताच खडूस असता तर कधीच निकाल लावला असता तिनं. लोकांना तो आवडायचा.

चहानंतरचा भाग तिचा सगळ्यात आवडता. कोंबांची ओळख. मार्चअखेरीला झाडं बोटभरच वर आलेली असतात. फूल नाही, धड पान नाही. कुणाचे कोंब लाल, कुणाचे लवदार, कुणाचे मुठीसारखे वळलेले. तिनं बाहेरच्या टेबलावर दहा क्रेट मांडले होते, मुद्दाम पाट्या न लावता. सकाळीच जमिनीतून उचललेले ठोंब, खाली ओली माती. आधी ओळखायचं, मग फोडायचं, मग एकेक तुकडा घरी न्यायचा.

ही विद्या तिला ओनकेननंच दिली होती. पहिल्या वर्षी वाफ्यातल्या सगळ्या पाट्या उपटून त्यानं तिला उभं केलं होतं आणि म्हणाला होता, चल, म्हण. एक नाव चुकलं की एकदा शेड झाडायची. त्या वसंतात शेडची फरशी आरशासारखी झाली होती. तो स्वतः डोळे मिटूनही ओळखायचा, अंगठ्यानं देठ चाचपून. तीनशे जातींत एक चूक नाही. त्याबद्दल हिल्केच्या मनात अढी नव्हती. तेवढं तिनं कधीही मान्य केलं असतं, त्यानं तोंड बंद ठेवलं असतं तर.

"हे काय ठेवलंयस लोकांपुढे?"

ती अजून हात पुसत होती तोवर तो टेबलापाशी पोचलासुद्धा होता. तिसऱ्या क्रेटमधला ठोंब त्यानं उचलून धरला.

"हिल्के, गीर्श आहे हे! गीर्श!"

त्या शब्दासरशी पुढे आलेले हात मागे झाले. गीर्श म्हणजे तण, आणि तण म्हणजे तरी कसं, हरळी परवडली. पांढऱ्या दोऱ्यासारखी मुळं, अंगठ्याएवढा तुकडा मातीत राहिला तरी दोन वर्षांत अख्खा वाफा गेला म्हणून समजा. आणि येतं बहुतेक वेळा दुसऱ्याकडून आणलेल्या कुंडीतून.

हिल्केनं क्रेटकडे बघितलं. त्यात गीर्श नव्हतं. ॲस्ट्रान्शिया नावाचं फुलझाड होतं, आणि ॲस्ट्रान्शियांतलीही 'मोअरग्लुट', दलदलीतला निखारा. तीस वर्षांपूर्वी ओनकेनला आपल्याच गुलाबी रांगेत एकच झाड काळपट लाल फुललेलं सापडलं होतं. बियांपासून ती रंग धरत नाही, म्हणून आजवर जगात गेलेलं तिचं प्रत्येक झाड त्या पहिल्या ठोंबाचा तुकडा होतं. या आडगावच्या नर्सरीचं नाव लोकांना ठाऊक होतं ते तिच्यामुळे. नावही त्यानंच ठेवलेलं.

'असं नसतं, साहेब.' वाक्य आठ वर्षांच्या व्याजासकट तिच्या जिभेवर आलं. बारा साक्षीदार समोर. तिला वाटलं, थट्टा करतोय. म्हणून तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

तो थट्टा करत नव्हता. त्याचा अंगठा देठावरून फिरत होता. खाली गेला, वर आला, देठ दोन बोटांत गोल फिरवून पुन्हा खाली गेला. गीर्शच्या देठाला तीन कडा असतात, त्या बोटाला लागतात. यानंच शिकवलेलं. या देठाला कडा नव्हत्या, आणि अंगठा त्या शोधत होता. मग त्यानं वर बघितलं, थेट हिल्केकडे. तो भांडायला उभा राहिलेला ओनकेन नव्हता. सरळ सांगायचं तर तो घाबरला होता.

"पण माझा फोन वेगळंच म्हणतोय," ब्रुन्सबाई म्हणाल्या. त्या निवृत्त गणितशिक्षिका, वहीत सगळं उतरवून घेणाऱ्या. त्यांनी कोंबाचा फोटो काढला होता आणि फोन सगळ्यांना दिसेल असा धरला होता. "ॲस्ट्रान्शिया. ब्याण्णव टक्के खात्री, असं लिहिलंय."

बारा चेहरे फोनवरून ओनकेनकडे आणि ओनकेनवरून हिल्केकडे वळले.

"कोंबांतलं फोनला कळत नाही," हिल्के म्हणाली. आपलाच आवाज तिला लांबून ऐकू आला. "साहेब म्हणतात ते बरोबर आहे. गीर्श आहे ते. माझ्याकडून चुकून आलं."

कुणी हसलं नाही. ओनकेननं ठोंब क्रेटमध्ये ठेवला, तोही हळूच.

"म्हणजे इथल्या मातीत गीर्श आहे?" हॅनोवरच्या गृहस्थानं विचारलं.

"एका कोपऱ्यात. काढतोय आम्ही."

"मग बाकीच्या कुंड्यांत नसेल कशावरून?"

प्रश्न रास्त होता. हिल्के त्याच्या जागी असती तर तिनंही हाच विचारला असता. ती काहीतरी बोलली, मातीबद्दल, चाळणीबद्दल, आणि प्रत्येक शब्दागणिक आणखी खोल रुतत गेली. तिसरा क्रेट उचलून तिनं शेडच्या मागे नेऊन ठेवला. उरलेले नऊ क्रेट लोकांनी ओळखले, फोडले, पण हातमोजे घालून, मुळं उन्हाकडे धरून बघत बघत. ओनकेन शेवटच्या रांगेत उभा होता. वर्ग संपेपर्यंत तो अंगठा बोटांवर चोळत राहिला.

लोक गेले, पण त्यांनी सकाळी फाटकापाशी बाजूला काढून ठेवलेली रोपं तशीच राहिली. ब्रुन्सबाईंनी आपल्या तीन कुंड्या परत मांडणीवर ठेवल्या, पाट्या नीट पुढे करून.

"पुढच्या वेळी नक्की नेईन हं," त्या म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. त्यामुळे हिल्केला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळपर्यंत चार गावांत बातमी फिरणार होती. ओनकेनच्या वेळी असं नव्हतं हो, असंही म्हणणार लोक.

"काय गं, आपल्याकडे गीर्श?" फोको कप गोळा करत आला. "कुठे सापडलं?"

"गप बस."

"आणि सांगितलंस का त्यांना?"

"गप बस म्हटलं ना, फोको!"

तो कप घेऊन शेडमध्ये गेला. हिल्केनं वाटेतल्या बादलीला लाथ मारली. बादली कालव्यापर्यंत गडगडत गेली, आणि ती आणावीही तिलाच लागली. आठ वर्षं तिनं वाट पाहिली होती, म्हातारा चारचौघांत एकदा, फक्त एकदा चुकावा म्हणून. आज तो चुकला, तोही स्वतःच्याच झाडावर, आणि तोंडघशी पडली कोण? तिचे डोळे रागानं भरून आले. राग कुणाचा तेही धड कळेना, म्हणून आणखी राग आला.

शेडमागे सावलीत गुडघे टेकून ती मोअरग्लुटचे ठोंब ओल्या गोणपाटात गुंडाळायला लागली. सकाळपासून उघडी पडलेली मुळं, वारा हा असा. काही ठोंबांचे टोकाचे कोंब आत्ताच मलूल झाले होते.

"हिल्के."

फावड्याचा आधार घेत ओनकेन कोपऱ्यावर उभा होता.

"अजून गेला नाहीत?"

"तू आज हो म्हणालीस."

"माझी चूक होती. म्हणाले."

"तुझ्या चुका मी अकरा वर्षं पाहिल्यात. चूक झाली की आधी तू अर्धा तास भांडतेस. मग पाय आपटत जातेस. मग दुसऱ्या दिवशी मान्य करतेस." त्यानं गोणपाटाकडे बोट केलं. "आणि गीर्शला ओलं गोणपाट कोण गुंडाळतं?"

हिल्केनं आपल्या हातांकडे पाहिलं. गोणपाटाची घडी अर्धवट राहिली होती.

"काय आहे ते?" त्यानं विचारलं.

"जाऊ द्या ना, साहेब."

"काय आहे?"

"मोअरग्लुट."

त्यानं हात पुढे केला. तिनं एक ठोंब काढून दिला. त्यानं तो उलटा केला, मुळं पाहिली, सुलटा केला, पान बोटावर पसरून पाहिलं, वास घेतला. कालव्यापलीकडे कुणीतरी गवत कापायचं यंत्र सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

"नाही ओळखू आली," तो म्हणाला. "तू नाव सांगितल्यावरसुद्धा नाही येत."

"चष्मा—"

"चष्मा नवा आहे."

हिल्केनं पालथा क्रेट पायानं त्याच्याकडे सरकवला. तो बसला, ठोंब मांडीवर घेऊन.

"या हिवाळ्यापासून," तो म्हणाला. "आधी नावं जायला लागली. म्हटलं, म्हातारपण, जाऊ दे. खिडकीशी बसून रांगेनं म्हणत जातो, शाळेतल्यासारखं. तिसऱ्या वाफ्यापर्यंत येतात. पुढे नाही." त्यानं पानावरची माती अंगठ्यानं पुसली. "शनिवारी इथे आलो की बरं पडतं. तू नावं घेतेस. मी नाही म्हटलं की चिडून पुन्हा सगळं नावानिशी सांगतेस."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम..."

"आधीची सात वर्षं खोड म्हणून. हे वर्ष मुद्दाम."

हिल्केला हसावं की त्याच्या अंगावर ओरडावं कळेना. ती गोणपाटाचं टोक ठोंबांखाली खोचत राहिली, खोचलेलं पुन्हा काढून खोचत राहिली.

"त्या लोकांना कळव," तो एकदम जुन्या आवाजात म्हणाला. "आजच. म्हातारा चुकला म्हणावं. माझ्या नर्सरीत गीर्श आहे म्हणून गावभर—" तो थांबला. "तुझ्या नर्सरीत," तो म्हणाला.

आठ वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघाला. हिल्केला तो किती हवा होता! आता मिळाला तर घ्यायला हातच पुढे होईना.

"ब्रुन्सबाईंना मी फोन करते," ती म्हणाली. "सांगते, तुमचा फोन बरोबर होता, मीच घाईत चुकले. बाकीच्यांना त्या सांगतील. शाळेतल्या आहेत त्या, त्यांना राहवणार नाही."

"तू का? मी चुकलो. माझं नाव घे."

"काय सांगायचं ते मी बघते. नर्सरी माझी ना?"

यावर त्यानं मान डोलावली. ठोंब गोणपाटात परत ठेवला, कोंब वर करून, मुळं अलगद पसरून, कुणी सांगायची गरज पडली नाही. मग फावड्याच्या दांड्याला धरून उठला. उठताना त्याला दोनदा जोर करावा लागला. हिल्केनं हात दिला नाही, दिला असता तर त्यानं झिडकारला असता.

कोपऱ्यापर्यंत जाऊन तो थांबला. वळला नाही.

"पुढच्या शनिवारी गवतांचा वर्ग आहे ना?"

"हो."

"येऊ का?"

आजवर त्यानं कधी विचारलं नव्हतं. चाळीस वर्षं मालक होता म्हणून नाही, त्यानंतरची आठ वर्षं मालक नव्हता तरी नाही. सकाळी तीनदा घोकलेलं वाक्य अजून तिच्यापाशी होतं, शब्दन् शब्द. आता तर ते ऐकून तो निमूट गेलाही असता.

"दहाला सुरू होतं," हिल्के म्हणाली. "उशीर करू नका."

"दहाला जमीन गार असते. हाताला काही कळत नाही. अकरा ठेव."

"दहा."

"अगं, मार्च आहे अजून. असं नसतं—"

"दहा म्हणजे दहा, साहेब!" ती ओरडली. शेडमधून फोकोनं काय झालं म्हणून डोकं बाहेर काढलं. "आणि पुढे उभं राहायचं, मागे नाही. मला सारखं ओरडून सांगायला जमणार नाही."

ओनकेन पुटपुटत पुलाकडे निघाला. हिल्केनं गोणपाटावर पाणी शिंपडलं आणि क्रेटवर लावायच्या नावांच्या पाट्या आणायला आत गेली.